पाठीवरची बायको

बोंगचीचं नाव ठेवताना तिच्या बापाला फार डोकं खाजवावं लागलं नाही. पाचवी मुलगी. ‘आता आलीच आहे तर पोसू’ असा त्या नावाचा अर्थ, आणि तेवढाही शब्द त्याने पाळला नाही. सव्वा महिन्याची झाली तशी तिला टेकडीपलीकडच्या लिम कुटुंबात देऊन मोकळा झाला. सून म्हणून. नवरा त्या वेळी अडीच वर्षांचा होता आणि अंगणात कोंबड्यांच्या मागे पळत होता.

तैवानच्या उत्तरेकडच्या चहाच्या डोंगरांत हे तेव्हा कुणाला वावगं वाटायचं नाही. दोन-चार घरं सोडून एक अशी पाळलेली सून असायचीच. मोठी झालेली परकी मुलगी आणायची म्हणजे वाजंत्री आली, मानपान आला, आणि वर ती मुलाचे कान भरणार ते वेगळंच. त्यापेक्षा तान्ही आणावी, आपल्या दुधावर वाढवावी. जितकी लहान आणाल तितकी ती घरची, असं बायका एकमेकींना सांगत. आता दूध हवं तर पोटची मुलगी बाजूला करायला हवी. लिमांच्या घरच्या मालकिणीने, आथोने, तेच केलं. स्वतःची महिन्याची मुलगी नदीकाठच्या एका घरात त्यांच्या मुलासाठी देऊन टाकली आणि भरल्या छातीला बोंगचीला लावलं. दिलेली मुलगी दोन वर्षांची होऊन तापाने गेली. आथोला ते आठ दिवसांनी कळलं. तिने त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही.

बोंगचीला मात्र तिने मनापासून वाढवलं, हे सांगायलाच हवं. उपाशी ठेवलं नाही, चटके दिले नाहीत. एका बाजूला बोंगची, दुसऱ्या बाजूला तिचा मुलगा किमचुई, अशी दोघं तिच्या कुशीत निजायची. आथो चहाच्या पानांना गेली की सहा वर्षांचा किमचुई ह्या पोरीला दुपट्याने पाठीवर बांधून गावभर हिंडायचा. ती त्याच्या मानेवर ओकायची, तो ओढ्यावर जाऊन तिचं तोंड धुवायचा. ती त्याला ‘दादा’ म्हणायची. गावातली पोरं चिडवायची, “ए, बायकोला पाठीवरून उतरव की, पाय मोडलेत का तिचे?” आठ-दहा वर्षांची झाल्यावर दोघांना त्या चिडवण्याचा अर्थ कळला आणि ती एका वाटेने चालेनाशी झाली.

बोंगची सतरा वर्षांची झाली त्या वर्षी, वर्षअखेरीचं जेवण उरकल्यावर, सासऱ्याने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या आणि म्हणाला, “आजपासून तुम्ही नवरा-बायको. ती खोली तुमची.” लग्न म्हणाल तर एवढंच. दोघं आत गेली तसं त्याने जेवणाचा लांब बाक दाराला आडवा लावला आणि वर बसून चिलीम पेटवली.

आत बोंगची कोपऱ्यात ओकू लागली. भीती नव्हती ती. भीती तिला ओळखता येत होती, सापाची येते तशी, भुताची येते तशी. हे निराळंच होतं. आपल्या हातून काहीतरी घाण होणार आहे आणि सगळं घर बाहेर त्याची वाट बघत बसलंय, असं वाटून तिचं अंग आक्रसलं. किमचुई भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसून राहिला.

“दादा, आता काय करायचं?” ती म्हणाली.

बाहेरून सासऱ्याचा खोकला आला. “दादा नाही म्हणायचं आता.”

तेव्हापासून त्याला हाक मारायला तिच्याकडे शब्दच उरला नाही. जेवायला बोलवायचं तर ती भांडं वाजवायची.

मूल झालं नाही. होणार कुठून? आधी वर्षभर देवळातल्या मंतरलेल्या चिठ्ठीची राख पाण्यातून पिऊन झाली, मग वैद्याची कडू मुळं झाली. दरम्यान किमचुई खाली कुंभारांच्या गावी कामाला लागला आणि तिथल्या एका विधवेच्या घरी राहू लागला. त्या बाईला त्याच्यापासून तीन मुलं झाली. झालं, गावाने निकाल दिला. दोष कुणाचा ते आता चव्हाट्यावर आलं. पाणवठ्यावर बोंगचीला बायका ‘थंड चूल’ म्हणू लागल्या, आधी पाठीमागे, मग तोंडावर. तिने कधी उलट उत्तर दिलं नाही, कारण तिचाही त्यावर विश्वास बसला होता.

आणि म्हणूनच तिने ती चूक केली. घराण्याला वारस हवा म्हणून आथोने चुलत घरातून आबोक नावाचा दोन वर्षांचा मुलगा दत्तक आणला. त्याच वर्षी त्याच्यासाठी दोन महिन्यांची आलुआन आणायची ठरली, तेव्हा बोंगची हो म्हणाली. नुसती हो म्हणाली नाही, स्वतः जाऊन तिला घेऊन आली. बिघाड आपल्यातच होता, रीत कशाला वाईट असेल, असा तिचा हिशेब. पेजेच्या पाण्यावर तिने दोघांना वाढवलं. आबोक सहा वर्षांचा झाल्यावर तेच जुनं दुपटं काढून तिने आलुआनला त्याच्या पाठीवर बांधलं. गाठ तिने स्वतःच्या हाताने मारली.

बेटावरचं जपान्यांचं राज्य जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. सासरा वारला होता. आबोक वीस वर्षांचा होऊन वीटभट्टीवर जाऊ लागला होता, आलुआन अठराची, चहाच्या कारखान्यात पानं निवडायची. वर्षअखेरीला दहा दिवस उरले असताना आथोने जाहीर केलं, “ह्या वर्षी दोघांना एका खोलीत घालायचं. बाकावर बोंगची बसेल.”

आलुआन त्या दिवसापासून जेवेना. बोंगची तिच्या मागे डुकरांच्या गोठ्यापर्यंत गेली.

“खा ग. सगळ्यांनाच आधी नको वाटतं. सवय होते.”

“तुला झाली?”

बोंगचीने डुकरांचं पाणी ओतलं.

“आबोकलाही नकोय, आई. तो म्हणतो पळून जाऊ. एकत्र नाही, वेगवेगळे. तो दक्षिणेला, मी शहरात. पण आजीला एकटी टाकून जाववत नाही आणि तुला तर नाहीच नाही. आजीनं बोलणं टाकलं तर मी काय करू?” आलुआन रडत नव्हती. “तू बाकावर बसणार आहेस ना? मग मी आतून बोललेलं तुला ऐकू येईल.”

त्याच आठवड्यात चुआबाई आल्या. शहरातल्या विद्यापीठातली तिशीची बाई, डोळ्याला चष्मा, पायात शाळेतल्या मुलींसारखे बूट. जपानी पोलिसांनी घराघरांतल्या माणसांची नोंद ठेवलेल्या वह्या कचेरीत पडून होत्या. त्या उतरून घेता घेता ही बाई गावोगाव फिरत होती आणि वहीतली माणसं जिवंत आहेत का ते बघत होती. आथो देवळात गेली होती. बोंगचीने अंगणात स्टूल टाकलं, चहा दिला.

“काकू, तुम्ही ह्या घरात कितव्या वर्षी आलात?”

“वर्षी कसलं? सव्वा महिन्याची होते.”

“मुलं?”

“पोटची नाहीत. लिहा, दोष बायकोचा.”

चुआबाईंनी पेन खाली ठेवलं. “हे वाक्य मला आतापर्यंत एकवीस जणींनी सांगितलंय. अगदी ह्याच शब्दांत.”

बोंगचीला हा आकडा ऐकून चमत्कारिक वाटलं. थंड चूल एक असते. एकवीस कशा असतील?

“तान्ह्या आलेल्या सुना एकीकडे मांडल्या,” चुआबाई म्हणाल्या, “आणि आठ-दहा वर्षांच्या होऊन आलेल्या दुसरीकडे. रीत तीच, गावं तीच, खाणं तेच. पण तान्ह्या आलेल्यांना मुलं कितीतरी कमी. त्यांचे नवरे बाहेर राहतात. मोठ्या होऊन आलेल्यांची घरं पोरांनी भरलेली.”

“मग आमच्या दुधात काही होतं का?”

“काकू, तान्ह्या पोराला आपला भाऊ कोण हे कसं कळतं?”

“आई सांगते.”

“आणि माणसाला बोलताच येत नव्हतं तेव्हा? हजारो पिढ्यांमागे?” चुआबाई पुढे सरकल्या. “सख्ख्या बहीण-भावांना झालेली मुलं पुष्कळदा अशक्त निघतात, जगत नाहीत. त्या काळात ज्यांना भावाबहिणीची तसली ओढ वाटली त्यांचा वंश खुंटत गेला. ज्यांच्या अंगावर त्या विचारानंच काटा आला, त्यांची मुलं जगली. आपण सगळे त्या काटा येणाऱ्यांची नातवंडं-पणतवंडं. पण अंगाला रक्त दिसत नाही. ते एवढंच बघतं की पहिल्या दोन-चार वर्षांत माझ्या शेजारी कोण निजलं, एका छातीला कोण लागलं, कुणाला पाठीवर वागवलं. तो भाऊ, ती बहीण. एकदा ठरलं की ठरलं. मग पुढे कुणी खोलीत कोंडून म्हणालं की हा तुझा नवरा, तर तोंड हो म्हणतं. अंग म्हणत नाही.”

बोंगचीने बाईंच्या पेल्यात पुन्हा चहा ओतला. मग म्हणाली, “म्हणजे पोलिसांच्या वहीत तो नवरा, आणि माझ्या अंगाच्या वहीत भाऊ.”

“हो.”

“पण डुकरं? एका वेताची डुकरं मोठी झाली की आपसात जुळतात. मी बघितलंय.”

“डुकरांना आपण कोंडतो ना, काकू. त्यांना जायला वाट कुठंय?”

“आणि आम्हाला होती?”

चुआबाईंनी चष्मा पुसला. “सगळ्यांचंच असं होतं असं मी म्हणत नाही. काही जोडपी नीट नांदतात. मी फक्त मोजते.”

“घरात दोघं आहेत अजून. दहा दिवसांनी... आता सहाच राहिले. मी काय करू?”

“अंग असं का वागतं ते मी सांगू शकते. आपण काय करावं ते माझ्या वहीत नाही, काकू.”

बाई निघून गेल्या. बोंगचीला आधी एकदम हलकं वाटलं. आणि लगेच, ती स्टूल उचलून आत ठेवत होती तेवढ्यात, तिला संताप आला. सासऱ्याचा, गावाचा, ती राख पाजणाऱ्या पुजाऱ्याचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. बाकीच्यांना माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. त्या खोलीत काय होतं हे तिच्या अंगाने तिला स्पष्ट सांगितलं होतं, आणि तरीही तिने ते दुपटं काढून पुन्हा गाठ मारली होती.

दुसऱ्या दिवशी ती ओढ्यावर धुण्याला गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकांना तिने आपण होऊन प्रश्न विचारले. तू किती वर्षांची असताना आलीस? आणि तू? तिथल्या तुआपी नावाच्या बाईला सात मुलं. नवऱ्याशी तिचं भांडण टेकडीच्या पलीकडे ऐकू जाई आणि हसणंही.

“मी? नऊ वर्षांची होते,” तुआपी म्हणाली. “येताना नाक गळत होतं. ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, ही माकडीण कोण? का ग थंड चुली, आज चौकशा कसल्या?”

“चूल तापते की नाही ते बघतेय,” बोंगची म्हणाली. बायका खो खो हसल्या. पण तान्ह्या आलेल्या दोघी होत्या, त्या हसल्या नाहीत. त्यातली एक हळूच म्हणाली, “माझा अजून कोठारात निजतो.”

बोंगचीने ठरवलं होतं, आईशी, म्हणजे आथोशी, बोलायचं. घरी आली तर आथो नव्या वर्षाचा गोड तांदळाचा केक वाफेला लावून चुलीपुढे बसलेली. केक चुलीवर असताना अभद्र शब्द काढला तर तो फुगत नाही, वर्ष वाईट जातं. घरातली पोरंसुद्धा तोंडाला कुलूप लावून वावरत होती. बोंगची शेजारी बसून लाकडं सारत राहिली. केक सुरेख फुगला आणि तोपर्यंत तिचा धीर सुटला. शेहेचाळीस वर्षांत तिने ह्या बाईला एकदाही नाही म्हटलं नव्हतं. जिच्या दुधावर आपण जगलो तिला तोंड वर करून काय सांगायचं? आणि त्या दुधावर हक्क असलेली पोर कुठे गेली हे तिलाही माहीत होतं.

वर्षअखेर आली. पूर्वजांपुढे नैवेद्य ठेवून झाला, टेबलाखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली. किमचुई संत्र्यांची टोपली घेऊन आला. वर्षभर कुठेही राहिला तरी ह्या एका जेवणाला तो आपल्या जागेवर, बोंगचीच्या शेजारी, येऊन बसायचा आणि खाली मान घालून जेवून जायचा. खोलीच्या दाराला आथोने लाल कागद चिकटवला होता. आबोक आणि आलुआन टेबलाच्या दोन टोकांना. आबोकच्या ताटलीतला मासा तसाच होता.

आथोने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. “आबोक, आलुआन, आजपासून तुम्ही नवरा-बायको. तांदळाच्या गोड गोळ्या खा आणि जा आत. बोंगची, बाक घे.”

बोंगची उठली. ती आणि किमचुई बसली होती तोच तो, सासऱ्याने दाराला लावलेला बाक. किमचुईही उठून उभा राहिला, बाक नेता यावा म्हणून. तिने बाकाला हात घातला आणि तिची नजर आलुआनकडे गेली. पोरगी ओठ घट्ट मिटून बसली होती. उलटी दाबून धरलेलं तोंड कसं दिसतं ते बोंगचीला आरशावाचून ठाऊक होतं.

तिने बाक होता तिथेच सोडला आणि पुन्हा त्यावर बसली.

“दादा,” ती म्हणाली.

एकोणतीस वर्षांत तिने त्याला काही म्हणून हाक मारली नव्हती. किमचुई उभाच राहिला.

“दादा, सांग ना आईला.”

“काय चाललंय हे?” आथो म्हणाली. “सणासुदीचं कसलं बोलणं? नवऱ्याला कुणी...”

“आई,” किमचुई म्हणाला. त्याचा आवाज त्या टेबलावर इतक्या वर्षांत कुणी धड ऐकला नव्हता. “हिला मी पाठीवर वागवलीय.”

“सगळेच वागवतात.”

“हो. म्हणूनच सांगतोय. लहानपणी ही ओकली की मी तोंड पुसायचो. त्या दिवशी आत ही ओकत होती, बाबा बाहेर खोकत होते, आणि मला हिचं तोंड पुसता आलं नाही. हात लावायचीच चोरी झाली. बायको तर मिळाली नाहीच. होती ती बहीणही गेली.” तो बाकावर बसला. “गावानं हिला थंड चूल म्हटलं. मी गप्प ऐकलं. माझं त्यात झाकलं जात होतं. ह्या पोरांचं तसं करू नकोस.”

“मी बाकावर बसणार नाही, आई,” बोंगची म्हणाली. “आणि तुम्हालाही बसू देणार नाही. आबोकनं ह्या पोरीला पाठीवर वागवलंय. गाठ मीच मारली होती. ती बहीण आहे त्याची. वहीत काही लिहिलेलं असू दे.”

आलुआनने तोंडावर हात धरला आणि ती रडू लागली. आबोक उठून तिच्याजवळ जायला निघाला, पण मधेच थांबला, आजीकडे बघत.

आथो ओरडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती ओरडली नाही. तिने आपल्या भांड्यातल्या भाजीचं लांब पान काड्यांनी उचललं, पुन्हा ठेवलं. मग बोंगचीकडे बघून, वाद घालायचा नसून खरंच माहीत करून घ्यायचं असावं तसं, तिने विचारलं, “मग माझी मी कशाला दिली?”

बोंगची उठून म्हातारीच्या शेजारी जाऊन बसली, जिथे लहानपणी निजायची त्याच बाजूला.

“आई, तिचं नाव काय होतं?”

“महिन्याची होती. नाव ठेवायच्या आधीच दिली.” आथो शेगडीच्या निखाऱ्यांकडे बघत होती. “तिकडे काहीतरी ठेवलं असेल. मी विचारलं नाही. नाव कळलं असतं तर जाऊन उचलून आणली असती.”